कुडाआडचा थांबा

धावजी आडे एकतीस वर्षं रस्त्यावर मैलकुली होता. मैलकुली म्हणजे कोण, हे आताच्या पोरांना समजावून सांगावं लागतं. सरकारी रस्त्याचे तीन किलोमीटर त्याच्या हवाली होते. खड्डा पडला की त्याने बुजवायचा, बाभूळ आडवी झाली की त्याने तोडून ओढायची, ओढ्याला पूर आला की पुलाच्या अलीकडे लाल कंदील टांगून त्याने भिजत उभं राहायचं. साहेब बदलले, जीपा बदलल्या, डांबराचे ठेकेदार बदलले. तीन किलोमीटर आणि धावजी मात्र जागेवर होते. तो रिटायर झाला तेव्हा त्याला नारळ मिळाला, शाल मिळाली, आणि लाल काचेचा कंदील परत मागायला सगळे विसरले. धावजीनेही आठवण करून दिली नाही. आयुष्यभरात केलेली लबाडी ती काय एवढीच.

त्याच रस्त्यावर त्याच्या तांड्याचा फाटा. तांडा अर्धा कोस आत, माळावर. बंजाऱ्यांची साठेक घरं. ढाणकीहून पुसदला जाणारी पहिली गाडी पावणेसहाला फाट्यावर यायची, सव्वासातला पुसद गाठायची. फाट्यावर कुणाच्या तरी निधीतून बांधलेला प्रवासी निवारा होता. निधी देणाऱ्याचं नाव कपाळावर ठळक होतं, बाकी सगळा आनंद. निवाऱ्याचं तोंड उत्तरेला. हवा खेळती राहावी म्हणून मागच्या भिंतीत सिमेंटची जाळी. पौषात उत्तरेचा वारा तोंडातून सरळ आत शिरायचा आणि जाळीतून शिट्टी वाजवत बाहेर पडायचा. मधे जे कुणी बसलं असेल त्याची हाडं मोजून जायचा. शेजारी खांबावर सौरदिवा होता, तो दोन महिने लागला. मग एके सकाळी बॅटरी गायब झाली. खांब राहिला, त्यावर होले बसू लागले.

धावजीने अर्ज केले. ग्रामपंचायतीत केले, तहसिलीत केले, एका पुढाऱ्याच्या गाडीत हात घालून दिला. मागणी तीनच गोष्टींची: खांबावर दिवा, जाळीवर पत्रा, आणि तोंडाशी वारा अडवायला अर्धी भिंत. ‘शेकण्याकरिता विस्तवाचे घमेले मी स्वतः आणीन,’ असंही त्याने खाली लिहवून घेतलं होतं. सरकारवर सगळाच भार नको, असा त्याचा विचार.

त्याला एवढी कळकळ कशाची, तर जमनीची. जमनी त्याची बायको. दोन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले. तेव्हापासून दर सोमवारी आणि गुरुवारी पुसदला दवाखान्यात जाऊन मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं. तिची पाळी साडेसातची. उशीर झाला की खुर्ची दुसऱ्याला जायची, आणि दुपारच्या पाळीत जागा नव्हती, कधीच नव्हती. काळीपिवळी जीप नऊला निघायची. मोटारसायकलवर जमनीला एकदा बसवलं, तर ओढ्याच्या चढावर चक्कर येऊन ती मागच्या मागे पडली. ऑटोवाला दोनदा पहाटे आला, तिसऱ्यांदा त्याने फोनच उचलला नाही. मुलगा राजकुमार यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या कारखान्यात, एका खोलीत चौघं. तेव्हा पहिली गाडी हाच जमनीचा जीव होता. ज्याच्या पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलखाचा मुलूख पालथा घातला, त्या धावजीला बायकोला पुसदला न्यायला एकच वाट उरली होती, आणि तीही दुसऱ्याच्या हातातली.

पौष लागला आणि वामनराव आले. हे आगारातले वाहतूक निरीक्षक. पुसदच्या जुन्या कारकुनी घराण्यातले, कानटोपीच्या वर मफलर गुंडाळणारे, स्वभावाने सरळ. दुपारच्या गाडीने उतरून ते तांड्यात चालत आले, यातच त्यांची माणुसकी आली.

“धावजी, वाहकाच्या नोंदीत तुमच्या फाट्याला महिनाभर दोन-दोन, तीन-तीन माणसं आहेत. वरून पत्र आलंय. पाचाच्या आत माणसं असतील ते थांबे काढायचे आणि गाडी सरळ न्यायची.”

“सायेब, माह्यी बायको हप्त्यातून दोन खेपा त्याच गाडीनं जाते. मशीनवर बसा लागते तिले.”

“माहीत आहे. म्हणून तर सांगायला आलो, नाहीतर कागद परस्पर गेला असता. आता ऐका. येत्या आठ दिवसांत एके दिवशी मी स्वतः त्या गाडीत बसून येईन. कोणत्या दिवशी, ते मी सांगणार नाही. थांब्यावर पाच माणसं दिसू द्या. मी ‘थांबा कायम ठेवावा’ म्हणून लिहितो आणि विषय संपतो.”

“पाच काय सायेब, दहा दिसतीन.”

बोलून तर बसला. मग दारोदार फिरला. पुसदला रोज जाणारी माणसं होती, नाही असं नाही. शेजारच्या गावची इंदुताई भाजीच्या पाट्या घेऊन जायची, तिच्यासोबत आणखी दोघी. तांड्यातली उज्ज्वला शिलाईच्या दुकानात कामाला होती. उत्तमसिंग आणि त्याचे दोघे भाऊ बांधकामावर. पण थंडी पडली की सगळी नऊच्या जीपकडे वळायची.

“भाऊ, तुमच्या त्या निवाऱ्यात बसन्यापरीस मी बरफाच्या कारखान्यात बशीन,” इंदुताई म्हणाली. “तथी घडीभर बसलं का दिवसभर गुडघे बोलतेत. कायले जीव घेता आमचा?”

“आठ रोज या फक्त. वारा लागला तं माह्यं नाव धावजी नाई.”

त्याने शब्द दिला आणि कामाला लागला. ते काम त्याच्या हातचं होतं. गेल्या वर्षीच्या कपाशीच्या पऱ्हाट्यांचा ढीग घरामागे पडून होता, तो त्याने बैलबंडीत घालून फाट्यावर आणला. बांबू रोवले. पऱ्हाट्या उभ्या लावून आडव्या कामट्यांनी आवळल्या, आणि निवाऱ्याचं अख्खं तोंड झाकील असा कूड उभा केला. शेणमातीने दोन्ही अंगांनी लिंपला. मागच्या जाळीत कुटाराने, तुरीच्या भुशाने, भरलेली पोती ठासली. ये-जा करायला पश्चिमेच्या कोपऱ्यात एक माणूस जाईल एवढी फट ठेवली. वारा उत्तरेचा आणि पूर्वेचा, म्हणून फट पश्चिमेला. यात त्याने काडीचीही चूक केली नव्हती. जमनी पायांवर सूज घेऊन बांधावर बसली होती. ती लिंपणाचा हात बघून म्हणाली, “आपल्या घराले कधी असं लिंपलं नाई तुमी.”

“घराले कोन पाहाले येते?” धावजी म्हणाला. खूप दिवसांनी ती हसली.

रविवारी पहाटे कुडाची परीक्षा झाली. धावजीने घमेल्यात बाभळीचे निखारे भरून मधे ठेवले, आत एक कंदील लावला. माणसं कुरकुरत आली आणि आत शिरताच गप्प झाली. इंदुताईने डोक्यावरचा पदर मागे घेतला. उज्ज्वला म्हणाली, “याडी, माय वं, इथीच ऱ्हावावं वाटते.” गाडी आली ती नेहमीच्या बापूजी ड्रायव्हरची. त्याला फाटा पाठ होता; डोळे झाकले तरी तिथेच ब्रेक मारला असता. त्याने खिडकीतून कूड बघितला आणि ओरडला, “काय धावजीभाऊ, कोनाच्या लगनाचा मांडव हाये?” सात माणसं चढली. धावजी रस्त्यात उभा राहून गाडीचा मागचा दिवा दिसेनासा होईस्तोवर बघत राहिला. त्याला मनापासून बरं वाटलं. आपण अजून कामाचे आहोत, असं वाटलं.

फक्त एक उणीव त्याच्या लक्षात आली. कंदील आत, आणि बाहेर मिट्ट अंधार. बाहेर दिवा पाहिजे. संध्याकाळी त्याने घरचा दुसरा कंदील कुडाला टांगून बघितला, तर वाऱ्याच्या दोन झोतांत तो विझला. तिसऱ्यांदा लावला, तर काच तडकली. तेव्हा त्याला घरातल्या मोरीवरच्या फळीवर ठेवलेला खात्याचा कंदील आठवला. जाड पत्र्याचा, जाड काचेचा, पुराच्या वाऱ्यात आणि पावसात एकतीस वर्षं न विझलेला. आणि लाल. लाल दिवा म्हणजे थांब, हे शाळेतलं पोरही सांगेल. धावजी स्वतःच्या अकलेवर खूश झाला. सोमवारी पहाटे त्याने तो पुसून, तेल भरून, कुडाच्या पूर्वेच्या टोकाला कमरेच्या उंचीवर टांगला. गाडी पूर्वेकडून यायची. लांबून दिसणार.

सोमवारी नऊ माणसं आली. नऊ! धावजीने बोटांवर पुन्हा मोजली. जमनीला त्याने फटीच्या तोंडाशीच बसवलं. आजारी माणूस आधी चढलं पाहिजे. बाहेर वारा कुडावर धडका मारत होता आणि आत निखाऱ्यांची ऊब, बायकांच्या गप्पा, मेथीच्या जुड्यांचा वास. आज गुरुवारसारखे पाय गारठले नाहीत, असं जमनी उज्ज्वलाला सांगत होती. धावजीला बाहेर उभं राहायचं होतं, रोजच्यासारखं. पण उत्तमसिंग म्हणाला, “बस ना काका, लाल दिवा लावला ना तुमी. गाडी काय त्याच्या बाहीर जाते?” आणि तो बसला. त्याच्या आयुष्यात फाट्यावर तो असा आरामात पहिल्यांदाच बसला असेल.

गाडीचा आवाज आला. मग वेग कमी झाला, गिअर पडल्याचा खरखराट सगळ्यांनी ऐकला. “आली, आली,” म्हणत सगळ्यांनी पिशव्या, पाट्या, डबे उचलले आणि उभे राहिले. जमनी पुढे. ती भिंतीला धरून उठली, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. फट एका माणसापुरती. तिच्या मागे इंदुताईची पाटी, पाटीमागे उज्ज्वला, आणि सगळ्यात शेवटी धावजी. “हळू, जमने, हळू. थांबलीच हाये गाडी,” तो मागून म्हणत होता.

गाडी थांबली नव्हती. ती हळू झाली, डावीकडून उजवीकडे सरकली, कुडाला लांबून वळसा घातला आणि पुन्हा वेग घेतला. जमनी फटीतून बाहेर पडली तेव्हा तिच्या तोंडावर नुसती धूळ आली. उत्तमसिंगने लोकांना ढकलून बाहेर उडी मारली, बोंब मारत शंभर पावलं धावला. वारा आडवा होता. त्याची बोंब तांड्याकडे गेली.

सगळे एकदम बोलू लागले. ड्रायव्हरला शिव्या झाल्या, त्याच्या आईबापाला झाल्या. धावजी मात्र कंदील काढून घेऊन रस्त्यावर उतरला आणि वाकून बघू लागला. रस्ता वाचायची त्याला सवयच होती. थांब्याच्या तीस पावलं अलीकडे चाकांचा माग डांबर सोडून उजव्या साइडपट्टीच्या धुळीत उतरला होता, निवाऱ्यासमोरून तसाच पुढे गेला होता, आणि पुढच्या मोरीपाशी परत डांबरावर चढला होता. ड्रायव्हर झोपेत नव्हता. त्याने नीट बघून, जपून गाडी काढली होती. रस्त्याच्या कडेला काड्यामातीचा ढीग आणि त्यावर लाल कंदील: म्हणजे काम चालू आहे, लांबून जा.

धावजीने हातातला कंदील डोळ्यांसमोर धरला. एकतीस वर्षं त्याने हेच तर बघितलं होतं! खड्ड्यापाशी हाच कंदील टांगून तो कडेला बसायचा, आणि प्रत्येक गाडी हळू व्हायची, उजवीकडे सरकायची, निघून जायची. त्या दिव्यापाशी कधी एकही गाडी थांबली नव्हती. थांबू नये म्हणूनच तो टांगायचा असतो. हे जगात कुणाला नाही तरी त्याला ठाऊक असायला हवं होतं. तो रस्त्यात मटकन खाली बसला, आणि नऊ माणसांसमोर त्याला रडू आलं.

जमनीची सोमवारची पाळी चुकली. मंगळवारी बापूजीची गाडी आली. धावजी भर रस्त्यात उभा होता. सोमवारी बापूजीची साप्ताहिक सुट्टी. बदलीवर दुसरा ड्रायव्हर होता, आणि त्याच्या मागच्याच सीटवर वामनराव. बापूजीने हे सांगताना त्याच्याकडे बघायचं टाळलं. धावजी तसाच गाडीत चढला आणि आगारात गेला.

वामनरावांनी त्याला खुर्ची दिली. त्यांचाही चेहरा उतरला.

“मी बघितलं, धावजी. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. लाल दिवा होता, ढीग होता. मीच ड्रायव्हरला म्हणालो, सांभाळून घे रे, काम चालू दिसतं.”

“सायेब, त्याच्या आत नऊ मान्सं होती.”

“मला एकही दिसलं नाही.”

“तुमच्यासाठीच बशेल होती सायेब. त्याइले थंडी वाजू नये म्हनून म्या कूड केलता. आज या, उद्या या. म्या कूड पाडून टाकतो. उघड्यावर उभी करतो सगळ्याइले.”

वामनरावांनी टेबलावरची टाचणी उचलून परत ठेवली. “कालच दुपारी अहवाल गेला. माझ्या सहीचा. तो आता मागे घेता येत नाही. तुम्ही नव्याने अर्ज करा, फेरपाहणी होईल.”

“कवा?”

“उन्हाळ्यात,” वामनराव म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच कळलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली.

धावजीने कूड पाडला. ज्या हातांनी लिंपला त्याच हातांनी कुऱ्हाडीने फोडला, आणि पऱ्हाट्या चुलीला नेल्या. पंधरवड्याने गाडीवर ‘विनाथांबा’ची पाटी लागली. पहिल्या गुरुवारी बापूजीने नियम धाब्यावर बसवून गाडी थांबवली, जमनीला चढवलं. तिकिटाच्या यंत्रात फाट्याचं नावच नव्हतं, म्हणून मागच्या गावचं तिकीट फाडलं. त्याला नोटीस आली. सोमवारी बदलीचा ड्रायव्हर थांबला नाही, आणि पुढच्या गुरुवारी बापूजीने काचेआडून दोन्ही हात जोडले आणि गाडी नेली. राजकुमार आईला लोहाऱ्याला घेऊन गेला. तिथल्या दवाखान्यात मशीनसाठी नाव लावलं, पुढे तेवीस जण होते. बारा दिवसांनी जमनी म्हणाली, मले तांड्यावर ने.

अंग सगळं सुजलं होतं, श्वास पुरत नव्हता. धावजी तिच्या उशाशी बसून राहायचा. शेवटी एकदा धीर करून म्हणाला, “माह्या हातानं झालं, जमने. त्या कंदिलानं.”

जमनी डोळे मिटून होती.

“त्या दिसी वारा नाई लागला मले,” ती म्हणाली. “दोन वर्सांत पैल्यांदा.”

तिने त्याला माफ केलं असेल, किंवा नुसतं खरं ते सांगितलं असेल. धावजीला ते ऐकवेना. तो उठून अंगणात गेला आणि बराच वेळ आत आला नाही. माघातल्या अमावस्येच्या आधी जमनी गेली.

ज्येष्ठ महिन्यात फाट्यावर टेम्पो येऊन उभा राहिला. धावजीच्या अर्जांपैकी एक कुठून तरी कुठे तरी पोचला होता. दोन दिवसांत काम उरकलं. खांबावर नवी बॅटरी, तिला लोखंडी पिंजरा आणि कुलूप. जाळीवर आतून पत्रा. तोंडाशी पूर्वेच्या बाजूने छातीएवढी भिंत, आणि वर पारदर्शक पत्रा, म्हणजे वारा अडेल पण माणूस दिसेल. धावजीला ही युक्ती सुचली नव्हती. त्याने हात लावून बघितला. काम चांगलं झालं होतं. फेरपाहणी मात्र झाली नाही. थांब्यावर गाडीच थांबत नसल्याने तिथे माणसं नव्हती, आणि माणसं नसल्याने पाहायला काही नव्हतं.

पुन्हा पौष आला. धावजीला पहाटे चारला जाग यायची सवय सुटली नव्हती. एक दिवस तो घमेल्यात निखारे घेऊन फाट्यावर गेला. का गेला, हे त्याला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. दिवा आपोआप लागलेला होता. पांढरा लख्ख उजेड, बाकावर मुंगी चालली तरी दिसावी. त्याने घमेलं मधे ठेवलं आणि बाकाच्या एका कडेला बसला, दुसरी कडा रिकामी ठेवून.

पावणेसहाला गाडी आली. बापूजीच होता. त्याला वळणावरूनच उजेडात बसलेला धावजी दिसला असणार, कारण गाडीचा वेग कमी झाला आणि गिअर पडला. तो खरखराट ऐकून धावजी उभा राहिला. सवयीने त्याने बाजूला हात केला, कुणाला तरी उठायला आधार द्यावा तसा. बापूजीने काचेआडून हात वर केला, हलकेच हॉर्न वाजवला आणि गाडी सरळ पुढे नेली.

मागचा लाल दिवा मोरीपलीकडे दिसेनासा झाला तसा धावजी परत बाकावर बसला. बाहेर वारा सुटला होता, पत्रा थडथडत होता. आत अजिबात लागत नव्हता.